प्रक्षेप्याचे वजन आणि ऊर्जा

प्रक्षेप्याचे वजन आणि ऊर्जा : गोळी किंवा बाण यांचे वस्तुमान, वेग, ऊर्जा आणि संवेग यांतील संबंध. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते; वजन दुप्पट झाले तर दुप्पटच. यावरून हलकी, वेगवान गोळीच सरस असे सर्रास मानले जाते. ते अर्धसत्य आहे, कारण संवेगात वजन आणि वेग यांना सारखाच मान असतो आणि बंदुकीचा धक्काही मुख्यतः संवेगावरच ठरतो.

महाराष्ट्राच्या खेळाडूंनी गाजवलेल्या दोन स्पर्धाप्रकारांची तुलना येथे फार बोलकी आहे. दोन्हींत लक्ष्य 50 मीटरवर असते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील पॉइंट टू-टू गोळी सुमारे 2.6 ग्रॅमची, वेग सेकंदाला 330 मीटरच्या आसपास, ऊर्जा सुमारे 140 ज्यूल. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेते झाले. या प्रकारातला बाण 22 ग्रॅमचा आणि वेग 85 मीटर धरला, तर ऊर्जा 80 ज्यूलच भरते. संवेग मात्र त्या गोळीच्या दुपटीहून अधिक. बाणाला पोहोचायला सुमारे 0.6 सेकंद लागतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला पावणेदोन मीटर खाली ओढते. गोळी जेमतेम 12 सेंटिमीटर खाली येते.

बंदुकीतील ऊर्जेचा उगम दारूत असतो. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत प्रणोदके व स्फोटके तयार होतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगावला काडतुसे. प्रणोदकातील ऊर्जेचा साधारण चौथा ते तिसरा हिस्साच गोळीला मिळतो, बाकीची बहुतांश उष्णता आणि तप्त वायूंबरोबर जाते. सेल्फ लोडिंग रायफलची 7.62 मिमी गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, ऊर्जा सुमारे 3,300 ज्यूल, इन्सासची 5.56 मिमी गोळी चार ग्रॅमची, ऊर्जा त्याच्या निम्मी. धक्का कमी, काडतूस हलके, म्हणून जवानाला जास्त काडतुसे बाळगता येतात. दूरवर मात्र जड गोळीच आपला जोर अधिक टिकवते.

धनुष्याचे गणित वेगळे. स्पर्धेत कंपाउंड धनुष्याचा ताण 60 पौंडांवर चालत नाही. म्हणजे साठवता येणाऱ्या ऊर्जेला मर्यादा आली. बाण सुटताना धनुष्याचे बाहू आणि दोरीही हलतात व आपला वाटा घेतात. बाण जड असेल तर वेग घटतो, पण साठवलेल्या ऊर्जेचा मोठा भाग त्याच्याकडे जातो. फार हलक्या बाणाने वेग वाढतो आणि उरलेली ऊर्जा बाहूंमध्ये थरथरत राहते. बाण न लावताच दोरी सोडली, तर सगळी ऊर्जा धनुष्यालाच सोसावी लागते. बाहू तडकतात, दोरी तुटते आणि धनुर्धराला इजाही होऊ शकते.