मलकापूर रेल्वे स्थानक (जि. बुलढाणा)

मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील, मुंबई–नागपूर–हावडा मुख्य मार्गावरचे स्थानक. मुंबईपासून अंतर सुमारे 495 किमी. भुसावळ सोडून गाडी वऱ्हाडात शिरली की पहिले मोठे गाव हेच. मलकापूर–बुलढाणा रस्त्यावरच्या मोताळ्याला लोहमार्ग नाही. तिथले स्थानक म्हणजे मलकापूर, आणि घाटावरच्या बुलढाणा शहराचेही तेच.

1853 साली एप्रिलात बोरीबंदर–ठाणे गाडी धावली आणि त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. या दोन घटनांचा सांधा कापसाने जोडला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी मोल आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने भुसावळहून पूर्वेकडे टाकलेली वाट याच दशकात मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा असे टप्पे घेत 1867 मध्ये नागपूरला पोचली. खामगावची बाजारपेठ मुख्य मार्गापासून बाजूला राहिली होती. तिच्यासाठी 1870 मध्ये जलंबहून छोटा फाटा काढला गेला.

मलकापूरला गाडी मिळाली ती भूगोलामुळे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये पूर्णेचे सपाट खोरे. रूळ टाकायला याहून सोपी जमीन नव्हती. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र थंड हवेच्या बुलढाण्याला राहिले. जिल्ह्यात आजही सहज बोलले जाते ते ‘घाटावर’ (डोंगरावर) आणि ‘घाटाखाली’ (खोऱ्यात). रेल्वे घाटाखालच्यांच्या वाट्याला आली, आणि दीडशे वर्षांत जिल्ह्याच्या व्यापाराला, शिक्षणाला, स्थलांतराला या एका निवडीने जेवढे वळण दिले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने दिले असेल.

मलकापूर ते बुलढाणा हा सुमारे 45 किमीचा रस्ता म्हणूनच स्थानकाचा अविभाज्य भाग मानावा. मोताळा याच रस्त्यावर आहे. पुढे राजूर घाट लागतो. मोताळ्याहून मुंबईला निघालेला माणूस एस.टी.ने किंवा काळी-पिवळीने मलकापूर गाठतो आणि रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसची वाट पाहतो. पुणे-कोल्हापूरकडे जाणाऱ्याला महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची. सामान, पोरेबाळे आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून तास-दोन तास आधीच येऊन बसलेली माणसे, हे इथल्या फलाटाचे नित्याचे चित्र. गाडीचे भाडे वाढले तर त्याची चर्चा होते; स्थानकापर्यंतच्या या प्रवासाचा वेळ आणि पैसा मात्र कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

1925 मध्ये जीआयपी रेल्वे सरकारकडे गेली. 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली आणि मलकापूर तिच्याकडे आले.

घाटावर रेल्वे नेण्यासाठी खामगाव–जालना मार्गाची मागणी इंग्रजी अमलापासूनची आहे. हा मार्ग चिखली, देऊळगाव राजा या बाजूने जाणारा असल्याने तो झाला तरी मोताळ्याची गाडी मलकापूरलाच धरावी लागेल.