गुरूचे चार चंद्र

नवी मुंबईच्या झगमगाटात अंधूक तारे हरवतात; तेजस्वी गुरू मात्र इमारतीच्या गच्चीवरूनही ठळक दिसतो. ६० मिलिमीटर व्यासाची लहान दुर्बीण तिवईवर स्थिर बसवून पाहिल्यास गुरूच्या आसपास, जवळजवळ एका रेषेत, आयो, युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो हे चंद्र प्रकाशबिंदूंसारखे दिसतात. आयोची प्रदक्षिणा १.७७ दिवसांत, तर कॅलिस्टोची १६.६९ दिवसांत पूर्ण होते; म्हणून त्यांची मांडणी रोज बदलते. एखादा चंद्र गुरूच्या पुढे, मागे वा सावलीत असल्यास तीनच दिसतात. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने हे बदल टिपून ठेवले आणि सारे विश्व पृथ्वीभोवती फिरते, या समजुतीला तडा गेला. अंधूक तेजोमेघांसाठी आकाशप्रेमींना वांगणीसारखे अंधारे ठिकाण गाठावे लागते; या चंद्रांसाठी निरभ्र रात्र, गच्ची आणि नोंदवही पुरेशी आहे.