शापित वीराची दुसरी फेरी

एखाद्या कृतीची अपकीर्ति एकदां रूढ झाली, म्हणजे ती पुन्हा उघडून पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. ग्रंथांच्या बाबतींत हें नित्य घडतें, नाटकांच्या बाबतींत घडतें, आणि ज्यांस आपण अद्यापि पोरखेळ समजतों त्या टी. व्ही.च्या पडद्यावरील खेळांच्या बाबतींत तर फारच लवकर घडतें; कारण त्यांचें आयुष्यच अल्प. यंत्र बदललें कीं खेळ गेला, आणि मागें राहिली ती त्याच्याविषयींची वदंता. कोनामी ह्या जपानी कंपनीच्या 'कॅसलव्हेनिया' नामक मालेंतील दुसरा खेळ, 'सायमन्स क्वेस्ट', हा अशा वदंतेचा बळी होय, असें आमचें मत आहे. आणि तें सकारण मांडावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

विषय खानदेशच्या वाचकांस दूरचा वाटेल. परंतु न्याय करण्याची जी रीत आम्हांस येथें वापरावयाची आहे, ती धुळ्याच्या ओळखीची आहे. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून त्यांचा एक आग्रह कायम होता: बखरकार काय म्हणतो तें मागाहून पाहूं, आधीं अस्सल कागद पुढें आणा. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच वारले. आणि लगेच पुढच्या वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ धुळ्यास उभें राहिलें. बखर सर्वस्वी खोटीच असते असें कोणी म्हणणार नाहीं. पण ती उशिरां लिहिलेली, ऐकीव आणि रंगविलेली असते. 'सायमन्स क्वेस्ट'ची जी बखर आज जगांत चालते, ती थट्टेची आहे. जेम्स रॉल्फ ह्या अमेरिकन विनोदकारानें २००४ सालीं ह्या खेळावर एक चित्रफीत तयार केली. ती पुढें लाखों लोकांनीं पाहिली, आणि तिच्यांतलीं वाक्यें इतकीं तोंडोतोंडीं झालीं कीं, ज्यांनीं खेळ कधीं हातांत धरला नाहीं तेही तो वाईट असल्याची ग्वाही देऊं लागले. विनोद चांगला होता हें आम्ही मान्य करतों. परंतु विनोदाचें काम हंसविणें; निवाडा करणें हें त्याचें काम नव्हे.

आतां अस्सल कागदाकडे वळूं. निंटेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं जपानांत 'फॅमिकॉम' हें घरगुती खेळाचें यंत्र विक्रीस आणलें. त्यास खेळाच्या कॅसेटी लागत, आणि त्या महाग पडत. म्हणून २१ फेब्रुवारी १९८६ रोजीं त्याच यंत्रास जोडावयाचें 'डिस्क सिस्टिम' हें उपांग निघालें. ह्यांत कॅसेटीच्या जागीं चुंबकीय चकती आली. दोन्ही बाजू मिळून तिच्यांत सुमारें ११२ किलोबाइट मजकूर मावे; दुकानांत नेऊन जुना खेळ पुसून नवा भरून घेतां येई; आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, खेळणारा जेथवर आला असेल तेथवरची नोंद चकतीवरच लिहिली जाई. ह्या एका सोईनें खेळांची जातच बदलली. एका बैठकींत संपवावयाचा खेळ मागें पडून अनेक रात्रीं चालणारा, भटकण्याचा आणि शोधण्याचा खेळ शक्य झाला.

कोनामीचा पहिला ड्रॅक्युला-खेळ २६ सप्टेंबर १९८६ रोजीं ह्याच चकतीवर आला. तो सरळमार्गी होता. सायमन बेलमॉण्ट नांवाचा वीर हातांत चाबूक घेऊन एका किल्ल्यांत शिरतो, सहा भाग ओलांडतो आणि शेवटीं ड्रॅक्युलास मारतो. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची. तिच्यांतील काउण्ट आणि चित्रपटांतील यच्चयावत् भुतें एकत्र करून हा किल्ला सजविलेला होता. लोकांस तो आवडला व आजही आवडतो. अकरा महिन्यांनीं, २८ ऑगस्ट १९८७ रोजीं, दुसरा खेळ आला. त्याच्या जपानी नांवाचा अर्थ 'शापाची मुद्रा' असा होतो. येथें कर्त्यांनीं धाडस केलें. पहिल्या यशाची नक्कल करण्याऐवजीं त्यांनीं यश मिळाल्यावर वीराचें काय होतें, असा प्रश्न घेतला.

सात वर्षें लोटलीं आहेत. ड्रॅक्युला मेला, पण मरतांना त्यानें दिलेला शाप सायमनच्या अंगांत भिनला असून तो हळूहळू मरत आहे. शापांतून सुटण्यास उपाय एकच. शत्रूच्या देहाचे जे अवशेष (बरगडी, हृदय, डोळा, नख) आणि जी अंगठी पांच ओसाड वाड्यांत विखुरलेलीं आहेत, तीं गोळा करावयाचीं, त्यांच्या योगें त्यास पुन्हा जिवंत करावयाचें आणि मग पुन्हा मारावयाचें. ज्याला ठार केलें त्यालाच उठविण्यासाठीं वीर वणवण फिरतो, ही कल्पना त्या काळच्या खेळांत आम्हांस तरी दुसरीकडे आढळत नाहीं. आपल्या विक्रमाच्या खांद्यावरचें प्रेत येथें तुकड्यातुकड्यांनीं जमवावयाचें आहे, असें म्हटल्यास चालेल.

खानदेशांतील वाचकास तर ही कथा समजावून सांगण्याची गरजच नाहीं. सातपुड्यांतील अस्तंब्याचा डोंगर आज नंदुरबार जिल्ह्यांत मोडतो. १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळें जिल्ह्यांतच होता. दिवाळीच्या सुमारास तळोद्याच्या वाटेनें लोक अश्वत्थाम्याच्या त्या शिखराकडे जातात. महाभारताच्या सौप्तिकपर्वांत कृष्णानें त्यास तीन हजार वर्षें एकाकी भटकण्याचा शाप दिला. कपाळीचा मणि गेला आणि जखम राहिली. आणि ती जखम भरण्यास तो अजून तेल मागत फिरतो, अशी आपल्याकडील आयाबायांची समजूत आहे. जुन्या खानदेशच्या फारुकी सुलतानांचा जो अशीरगड अकबरानें १६०१ सालीं घेतला, तेथील महादेवाच्या देवळांतही तो पहांटे फूल वाहून जातो, असें सांगतात. लढाई संपली तरी जखम संपत नाहीं, आणि जखमी माणूस गांवोगांव दारें ठोठावीत हिंडतो, हें भय आपल्या मातीस परकें नाहीं. सायमन अधर्मी नव्हे, आणि अश्वत्थाम्यानें झोपलेल्या पोरांचे गळे कापले होते, हा भेद आम्ही विसरत नाहीं. तथापि दोघांचें चालणें एकाच जातीचें आहे.

ह्या खेळाचें खरें वैभव म्हणजे त्यांतील रात्र. खेळ चालू असतां कांहीं मिनिटांच्या अंतरानें दिवस मावळतो व उगवतो. दिवसां गांवांत माणसें असतात, दुकानें उघडीं असतात, देवळांत प्रकृति सुधारून मिळते. दिवेलागण झाली कीं दारें बंद. रस्त्यावर माणसांच्या जागीं प्रेतें फिरूं लागतात, रानांतले राक्षस दिवसाच्या दुप्पट चिवट होतात, संगीतही बदलतें. खरेदी राहिली असेल तर उजाडेपर्यंत जीव सांभाळून थांबा. ही व्यवस्था आज सर्वत्र दिसते, म्हणून तिचें नवल वाटत नाहीं. १९८७ सालीं तें होतें. शिवाय किती दिवस गेले ह्याचा हिशेब खेळ आंतल्या आंत ठेवतो, आणि त्याप्रमाणें शेवट तीन प्रकारांनीं होतो. वेळ लागला तर विजय मिळूनही कांहीं तरी हातचें जातें. निंदकांनीं ह्या दिवसरात्रीच्या बदलाची भरपूर थट्टा केली आहे, कारण प्रत्येक संधिकालीं पडदा थांबतो आणि तेंच वाक्य पुन्हा वाचावें लागतें. हा दोष मान्य. पण वाक्याच्या कंटाळ्यासाठीं रात्रच नाकारणें म्हणजे पानाची घडी चुकली म्हणून पोथी फेंकण्यासारखें आहे.

दुसरा मोठा आरोप गांवकऱ्यांविषयीं आहे. ते दिशाभूल करतात. खेळणारा त्यांच्या शब्दावर विश्वासून तासन्‌तास फुकट घालवितो. येथें मूळ व नक्कल ह्यांचा विवेक केला पाहिजे. डिसेंबर १९८८ मध्यें हा खेळ अमेरिकेंत कॅसेटीच्या रूपानें निघाला, तेव्हां त्याचें इंग्रजी अत्यंत हलगर्जीपणानें करण्यांत आलें. कांहीं माणसांनीं खोटें सांगावें हा मूळ कर्त्यांचाच बेत होता. भ्यालेल्या मुलखांत परक्यास कोण खरें सांगतो? परंतु खोटें बोलणारा ओळखूं यावयास खरें बोलणाऱ्याचे शब्द स्पष्ट असावे लागतात, आणि भाषांतरकारानें ते स्पष्ट ठेवले नाहींत. परिणाम असा कीं, लबाड आणि प्रामाणिक दोघेही सारखेच दुर्बोध झाले. लाल स्फटिक घेऊन एका कड्यापाशीं गुडघे टेकून क्षणभर थांबलें म्हणजे वावटळ येऊन वीरास उचलून नेते, हें रहस्य अशा इंग्रजीवरून कोणास कळणार? ज्या पोरांस तें मासिकांतून किंवा मित्राकडून कळलें, ते पुढें गेले. बाकीचे त्या कड्यापाशींच राहिले, आणि पुढें मोठेपणीं त्यांनींच बखरी लिहिल्या.

मात्र नक्कल सर्वच बाबतींत हीन ठरत नाहीं, हें सांगितलें नाहीं तर आमचा न्याय एकांगी होईल. चकतीवरच्या मूळ खेळांत गांवांत वा वाड्यांत शिरतांना थांबावें लागे, चकती उलटावी लागे. कॅसेटींत ती कटकट गेली. संगीत तर कॅसेटींत अधिक भरदार झालें. केनिची मात्सुबारा ह्यांची 'ब्लडी टिअर्स' ही चाल, जी ह्या मालेंत पुढें पुन्हा पुन्हा वाजत राहिली, ती ऐकावयाची तर अमेरिकन प्रतींतच ऐकावी. उलट चकतीवरची नोंद जाऊन तेथें अक्षरांचा परवलीचा शब्द आला, तो वहींत उतरून घ्यावयाचा. एक अक्षर चुकलें कीं मेहनत बुडाली. ज्यांनीं आपल्याकडील भारनियमनाचे दिवस काढले आहेत, त्यांस वहींतल्या परवलीची किंमत वेगळी सांगावयास नको.

पण वहीचा प्रसंग आपल्याकडे बहुधा आलाच नाहीं. जळगांव-धुळ्याच्या पिढीनें १९९० नंतर जीं स्वस्त, नकली आठ-बिटी यंत्रें घरोघरीं पाहिलीं, त्यांतल्या 'शेंकडों खेळ एकांत' अशा कॅसेटींत मुख्यतः लहान खेळ भरलेले असत. ह्याचें कारण रसिकतेचें नसून जागेचें आहे. सुपर मारिओचा पहिला खेळ ४० किलोबाइटांत बसतो. रणगाड्यांचा, सर्कशीचा, मोटारींचा खेळ त्याहूनही थोड्या जागेंत. कॉन्ट्रा १२८ किलोबाइटांचा, तरी मागणी इतकी कीं तो वेगळ्या कॅसेटींत येई. 'सायमन्स क्वेस्ट' २५६ किलोबाइटांचा, त्यास स्मृति बदलणारी जास्तीची चकमक, म्हणजे 'चिप', लागे, आणि शिवाय तो मजकूर वाचल्यावांचून खेळतां येत नाहीं. नकली कॅसेट बनविणाऱ्यानें तो कां घ्यावा? अशा रीतीनें ज्या मुलखास शापित वीराची कथा सर्वांत लवकर कळली असती, त्या मुलखापर्यंत ती पोंचली नाहीं. तेथें पोंचली ती मागाहून थट्टेची चित्रफीतच.

आतां जे दोष खेळाचे स्वतःचे आहेत ते भाषांतरकाराच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. वाडे एकसारखे दिसतात. भुईंतले कांहीं चौथरे नुसते दिसण्यापुरते असून त्यांवर पाय ठेवतांच वीर खालीं कोसळतो; त्यांस ओळखण्यास पवित्र पाण्याची बाटली पुढें फेंकीत चालावें लागतें, आणि हें कौशल्य नसून चांचपणी आहे. मोठ्या शत्रूंपैकीं मृत्यु आणि कार्मिला ह्या दोघांसही टाळून पुढें जातां येतें. खुद्द ड्रॅक्युलाचें युद्ध तर लज्जास्पद आहे. योग्य शस्त्र हातीं असल्यास तो हालण्यापूर्वींच मरतो. पहिल्या खेळांत ज्या झुंजीनें घाम फुटे, तिचा येथें मागमूस नाहीं. झुंजीच्या तराजूंत तोलल्यास पहिला खेळ आणि १९८९ चा तिसरा हे दोन्ही ह्याहून श्रेष्ठ आहेत, ह्यांत आम्हांस संशय नाहीं. तिसऱ्या खेळांत कोनामीनेंच ही वाट सोडून पुन्हा सरळ मार्ग धरला.

परंतु वाट बुजली नाहीं. १९९७ सालीं प्लेस्टेशनवर आलेला 'सिंफनी ऑफ द नाइट' हा ह्या मालेचा मुकुटमणि समजला जातो. त्यांतील भटकणें, साठवणें, दुकान, वाढत जाणारें बळ आणि ड्रॅक्युलाचे तेच अवशेष, हा सारा ऐवज १९८७ च्या ह्या निंदित खेळांत आधींच आहे. नातवाचें कौतुक करणाऱ्यांनीं आजोबास वेडगळ ठरवावें, हा प्रकार साहित्याच्या इतिहासांतही नवा नाहीं.

अस्सल साधनाची स्थिति मात्र चिंताजनक आहे. चकत्या भरून देण्याची निंटेंडोची सेवा २००३ सालीं बंद झाली. चुंबकीय पृष्ठ झिजतें, यंत्रांतले रबरी पट्टे कुजतात. २०१९ सालीं कोनामीनें ह्या मालेंतील जुने खेळ एकत्र करून नव्या यंत्रांवर पुन्हा काढले, त्यांत हाही आहे, हें सुदैव. ज्यास स्वतः निवाडा करावयाचा असेल त्यानें तेथें तो खेळावा. शेजारीं एक नकाशा ठेवण्यास लाजूं नये, कारण तो नकाशा म्हणजे भाषांतरकारानें गाळलेला मजकूरच होय.

आणि शेवटीं किल्ल्यापाशीं पोंचल्यावर घाई करूं नये. पहिल्या खेळांत जो किल्ला भुतांनीं खच्चून भरलेला होता, तो येथें पडका असून सर्वस्वी रिकामा आहे. एकही शत्रु नाहीं. निंदक ह्यास कर्त्यांचा आळस म्हणतात. चकतीवर जागा उरली नव्हती असेंही असूं शकेल. कारण कांहींही असो, ज्या ठिकाणीं सात वर्षांपूर्वीं जिंकलें त्याच ठिकाणीं, मेलेल्या शत्रूचीं हाडें कमरेस बांधून, एक मरणोन्मुख माणूस जिने उतरत जातो, आणि त्यास अडविण्यास कोणी येत नाहीं.