विमानारोहणपूर्व कागदपत्र-तपासणी

आंतरराष्ट्रीय प्रवासास निघालेल्या उतारूजवळ गंतव्य देशात, तसेच वाटेत जेथे विमान बदलावयाचे त्या देशात, प्रवेश मिळण्यास आवश्यक असे पारपत्र, व्हिसा व अन्य दस्तऐवज आहेत की नाहीत, याची विमानकंपनीने त्यास विमानात बसू देण्यापूर्वी स्वतःच्या जबाबदारीवर केलेली पडताळणी. सुरक्षा-तपासणी व सरकारी इमिग्रेशन-तपासणी यांहून ती भिन्न आहे. त्या दोन्ही शासनाच्या यंत्रणा करतात; ही मात्र कंपनीच्या काउंटरवरील कर्मचारी करतो आणि पुष्कळदा विमानाच्या दारापाशी तिची पुनरावृत्ती होते. भंडारा जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय विमानतळ नसल्यामुळे भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या सातही तालुक्यांतील परदेशगामी मनुष्यास तिला सामोरे जावे लागते ते भंडारा शहरापासून सुमारे ६० किमी.वरील नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, अथवा मुंबई-दिल्लीस.

पूर्वपीठिका व कायदा : अपात्र उतारू आणल्याचा दोष वाहतूकदारावर ठेवण्याची प्रथा आगबोटींच्या काळापासूनची आहे. अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्याने व्हिसावाचून उतारू आणणाऱ्या कंपनीस दरडोई १,००० डॉलर दंड ठरविला होता. शिकागो येथे १९४४ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानचालन कराराच्या नवव्या परिशिष्टाने, जे १९४९ मध्ये प्रथम स्वीकृत झाले, उतारूंची कागदपत्रे प्रस्थानस्थानीच पाहण्याचे कर्तव्य विमानकंपन्यांवर सोपविले आहे. प्रवेश नाकारला गेलेल्या उतारूस परत नेण्याचा भारही कंपनीवरच पडतो. ब्रिटनने १९८७ मध्ये वाहकांच्या दायित्वाचा स्वतंत्र कायदा केला. भारताने २००० मध्ये तसाच कायदा करून, योग्य कागदपत्रांवाचून भारतात आणलेल्या प्रत्येक उतारूमागे एक लाख रुपये दंडाची तरतूद केली. हा कायदा आणि पारपत्र व परकीय नागरिक यांविषयीचे अन्य तीन जुने कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी इमिग्रेशन व परकीय नागरिकांविषयीचा २०२५ चा एकत्रित कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला.

कार्यपद्धती : कर्मचारी प्रथम पारपत्रावरील छायाचित्र समोरच्या मनुष्याशी व नाव तिकिटाशी ताडून पाहतो, नंतर मुदत, कोरी पाने, व्हिसाचा प्रकार आणि त्यावर नमूद असलेला पारपत्राचा क्रमांक तपासतो. पारपत्राची मुदत प्रवासानंतर आणखी सहा महिने शिल्लक असावी, असा अनेक देशांचा दंडक असल्यामुळे, वरकरणी चालू असलेले पारपत्रही काउंटरवर निरुपयोगी ठरू शकते. कोणत्या देशाचा कोणत्या नागरिकासाठी काय नियम आहे हे स्मरणावर विसंबून सांगता येणे अशक्य असल्यामुळे कंपन्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या ‘टिमॅटिक’ या संगणकीय नियमसंग्रहाचा आधार घेतात. पारपत्राच्या माहितीपानाच्या तळाशी प्रत्येकी ४४ अक्षरांच्या ज्या दोन ओळी असतात त्या यंत्रवाचनासाठी होत. त्यांपैकी दुसऱ्या ओळीत पारपत्र-क्रमांक, जन्मतारीख व मुदतीची तारीख यांच्यापाठोपाठ एकेक पडताळा-अंक दिलेला असतो, आणि तो अंकांना अनुक्रमे ७, ३ व १ यांनी गुणून येणाऱ्या बेरजेस १० ने भागले असता उरणारी बाकी असल्यामुळे, एखादा आकडा चुकून वाचला गेल्यास अथवा खोडला गेल्यास तो दोष बहुधा तत्क्षणी उघडकीस येतो. भारतातील हस्तलिखित पारपत्रे २४ नोव्हेंबर २०१५ नंतर आंतरराष्ट्रीय प्रवासास ग्राह्य राहिली नाहीत, ती या यंत्रवाचनाच्या आग्रहापायीच.

भंडारा जिल्ह्यातील स्वरूप : जिल्ह्याचा पारपत्रविषयक कारभार नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाकडे आहे. काउंटरवर उद्भवणाऱ्या अडचणींचे मूळ मात्र पुष्कळदा त्याहून मागे, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत आणि शाळेच्या दाखल्यात असते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशी आपली त्रिपदी नावाची रीत, तर पारपत्रात रकाने दोनच. त्यामुळे एका कागदावर वडिलांचे नाव येते, दुसऱ्यावर गळते. विवाहानंतर सासरच्या नावाने काढलेले तिकीट आणि माहेरच्या नावाचे पारपत्र घेऊन आलेल्या स्त्रीस खुलासा करीत उभे राहावे लागते. आडनावाचा रकाना कोराच असल्यास प्रश्न अधिक बिकट होतो, कारण संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटन व भेटीच्या व्हिसावर येणाऱ्या, पारपत्रात एकच नाव असलेल्या उतारूंस प्रवेश नाकारण्याचे धोरण जाहीर केले. आखाती देशांत मजुरीस जाणारा तरुण दहावी उत्तीर्ण नसल्यास त्याचे पारपत्र सामान्यतः उत्प्रवास-तपासणी आवश्यक असलेल्या वर्गात मोडते, आणि १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये सूचीतील देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्यास उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते.

वैनगंगेकाठच्या पवनी परिसरास प्राचीन स्तूपांचा वारसा असून जिल्ह्यात बौद्धधर्मीयांची वस्ती मोठी आहे. साहजिकच बुद्धाच्या जन्मस्थानाकडे, नेपाळातील लुंबिनीकडे, भाविकांची ओढ असते. नेपाळास भारतीयांना व्हिसा लागत नाही. परंतु विमानाने जाणाऱ्या प्रौढाजवळ सामान्यतः पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते, आणि केवळ आधारपत्राच्या भरवशावर निघालेल्या यात्रेकरूस काउंटरवरूनच परतावे लागण्याचा संभव असतो.

मूल्यमापन : परदेशगमनाचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात दिला व १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात तो अधिक दृढ केला. त्या निर्णयांच्या प्रकाशात पाहता या तपासणीतील मूलभूत वैगुण्य लक्षात येते : अपात्र मनुष्यास जाऊ दिल्याचा भुर्दंड कंपनीस पडतो, पात्र मनुष्यास अडविल्याची झळ मात्र मुख्यतः त्या मनुष्यासच सोसावी लागते. त्यामुळे शंकेच्या प्रसंगी कर्मचाऱ्याचा कल नकाराकडे झुकावा हे स्वाभाविक होय. आणि ज्याने एजंटास द्यावयाचे पैसे कर्जाऊ काढले आहेत, ज्यास इंग्रजीत बाजू मांडता येत नाही, अशा खेड्यातील उतारूवर त्या नकाराचा आघात सर्वाधिक होतो. तपासणी रद्द व्हावी असे यावरून निष्पन्न होत नाही, कारण परक्या भूमीवर अटकून पडण्यापेक्षा नागपुरास थांबणे केव्हाही बरे. परंतु नकाराचे कारण नियमाच्या उल्लेखासह, उतारूस समजेल त्या भाषेत, लेखी देणे आणि विमान सुटण्यापूर्वी वरिष्ठाकडून त्याचा फेरविचार होणे, एवढे तरी बंधन कंपनीवर असणे न्याय्य होय. उतारूच्या पक्षी, तिकीट काढण्यापूर्वीच सर्व कागदांवरील नाव, जन्मतारीख व मुदत एकमेकांशी जुळवून पाहणे आणि तफावत आढळल्यास ती आधी दुरुस्त करून घेणे, हाच खात्रीचा उपाय आहे.