क्रिया (भौतिकी)

ऊर्जेचे कालानुसार समाकलन केल्यावर मिळणारी राशी. एकक ज्यूल-सेकंद, कोनीय संवेगाचे एककही हेच. शक्तीचे कालानुसार समाकलन केले की ऊर्जा मिळते. वीजबिलातले एक ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल. क्रिया ही त्याच्या पुढची पायरी.

एकूण ऊर्जा घेऊन मात्र फारसे काही हाती लागत नाही. विलग प्रणालीत ती बदलतच नसल्याने समाकलन म्हणजे ऊर्जा आणि काळ यांचा नुसता गुणाकार ठरतो. गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करून समाकलन केले, की गतीचा नियमच समोर येतो. प्रवासाची दोन टोके आणि लागणारा वेळ ठरवून दिला, तर वस्तू असा मार्ग धरते की त्यात किंचित फेरफार केल्याने क्रियेत लक्षणीय फरक पडत नाही. अशी क्रिया पुष्कळदा लघुतम असते, नेहमीच नव्हे.

एक किलोग्रॅमचा चेंडू सरळ वर फेकला आणि दोन सेकंदांनी तो परत हातात आला, असे समजू. गुरुत्व त्वरण १० धरले व हवेचा रोध सोडला, तर तो ५ मीटर उंच जातो आणि क्रिया उणे ३३.३ ज्यूल-सेकंद येते. तेवढीच उंची एकसमान वेगाने चढून-उतरून गाठली असती, तर ती उणे २५ आली असती. हातातच राहिला असता तर शून्य. खरा मार्ग सर्वांत कमी क्रियेचा.

या विचाराला १७४४ च्या सुमारास मोपेर्तुई आणि ऑयलर यांनी आकार दिला. मोपेर्तुई यांची राशी वस्तुमान, वेग व अंतर यांच्या गुणाकाराची होती. ती दुप्पट गतिज ऊर्जेच्या कालानुसार समाकलनाएवढीच भरते. आजचे रूप हॅमिल्टन यांच्या १८३४-३५ मधील निबंधांतून आले.

उपयोग मोठा आहे. लंबकाला दुसरा लंबक टांगला, की दोऱ्यांमधील ताणांचा हिशेब किचकट होतो. क्रियेच्या पद्धतीत दोन कोन आणि ऊर्जा पुरतात. हिल्बर्ट यांनी १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाची क्षेत्र समीकरणे क्रियेवरून मांडली. १९१८ मध्ये एमी नोएथर यांनी दाखवले की क्रियेतील प्रत्येक अखंड सममितीमागे एक अक्षय्यतेचा नियम असतो: क्रियेचे सूत्र काल, आज आणि उद्या तेच असेल, तर ऊर्जा अक्षय्य राहते.

१९०० मध्ये प्लांक यांनी वापरलेला स्थिरांकही क्रियाच आहे. फाइनमन यांच्या १९४८ च्या मांडणीत कण सर्व शक्य मार्गांचा हिशेब धरतो आणि क्रिया भागिले प्लांक स्थिरांक या गुणोत्तरावरून प्रत्येक मार्गाची कला, म्हणजे तरंगाच्या आवर्तनातील टप्पा, ठरते. चेंडूसाठी हे गुणोत्तर ३५ अंकी असल्याने इतर मार्ग एकमेकांना खोडून काढतात आणि न्यूटनचा मार्ग तेवढा उरतो. इलेक्ट्रॉनसाठी ते लहान असते, म्हणून अणूत पुंज परिणाम उघड दिसतात.

२० मे २०१९ पासून प्लांक स्थिरांकाचे मूल्य ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात ज्यूल-सेकंद असे कायम ठरवण्यात आले असून किलोग्रॅमची व्याख्या त्यावरून केली जाते.