यून सी लाँग लेत्र (कादंबरी)

यून सी लाँग लेत्र (अर्थ : इतके दीर्घ पत्र) ही सेनेगलच्या लेखिका मारियामा बा यांची फ्रेंच भाषेतील पहिली कादंबरी आहे. ती १९७९ मध्ये डाकार येथील नुव्हेल एदिस्यों आफ्रिकेन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. इंग्रजीत ती ‘सो लाँग अ लेटर’ या नावाने ओळखली जाते. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पतीने मुलीच्या वर्गमैत्रिणीशी दुसरा विवाह केला, अशा एका शिक्षिकेचे हे आत्मनिवेदन आहे. पतीच्या मृत्यूनंतर इद्दतीच्या काळात घरात बसून ती आपल्या बालमैत्रिणीला पत्र लिहिते, अशी कादंबरीची योजना आहे. या कादंबरीस १९८० मध्ये आफ्रिकेतील प्रकाशनांसाठीचा पहिला नोमा पुरस्कार मिळाला.

लेखिका आणि पार्श्वभूमी

मारियामा बा (१९२९–१९८१) यांचा जन्म डाकार येथे झाला. आईचे निधन लवकर झाल्याने आजी-आजोबांनी त्यांना पारंपरिक मुस्लिम वातावरणात वाढविले. मुलींना फार शिकवावे असे आजी-आजोबांचे मत नव्हते, परंतु वडिलांच्या आग्रहामुळे त्यांचे फ्रेंच शाळेतील शिक्षण चालू राहिले. डाकारजवळच्या रुफिस्क येथे फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतील मुलींसाठी अध्यापक विद्यालय होते. तेथील प्रवेशपरीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि १९४७ मध्ये शिक्षिका झाल्या. सुमारे बारा वर्षे अध्यापन केल्यावर प्रकृतीच्या कारणाने त्यांनी शिक्षण निरीक्षक कार्यालयात काम पत्करले. राजकारणी ओबेय जोप यांच्याशी झालेला त्यांचा विवाह पुढे घटस्फोटाने संपला. नऊ अपत्यांचा सांभाळ करीत त्या महिला संघटनांमध्येही काम करीत होत्या. पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय पन्नास होते.

कादंबरीतील नायिकाही अशाच विद्यालयात शिकलेली शिक्षिका आहे. त्यामुळे ही आत्मकथाच असल्याचा समज वाचकांत रूढ आहे. तो पूर्णपणे ग्राह्य नाही. घटस्फोट घेऊन स्वतंत्र झालेल्या लेखिकेने कथनाचे सूत्र घटस्फोट न घेणाऱ्या स्त्रीच्या हाती दिले आहे, आणि कादंबरीतील ताण नेमका या निवडीतून निर्माण होतो.

सेनेगल १९६० मध्ये स्वतंत्र झाला. नायिकेची पिढी ही स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तरुण झालेली पिढी होती. शिकलेल्या तरुण-तरुणींनी स्वतः जोडीदार निवडून संसार मांडले होते आणि नवे राष्ट्र आपणच घडविणार, अशी त्यांची धारणा होती. देशातील बहुसंख्य समाज मुस्लिम असून बहुपत्नीत्वाची प्रथा शिक्षित वर्गातही टिकून होती. १९७२ च्या कुटुंब संहितेने पुरुषाला विवाहाच्या वेळी एकपत्नीत्व, मर्यादित बहुपत्नीत्व किंवा चार पत्नींपर्यंत बहुपत्नीत्व असा पर्याय नोंदविण्याची तरतूद केली. म्हणजे बहुपत्नीत्व कायद्याने रद्द झाले नाही. पहिल्या पत्नीचे भवितव्य बऱ्याच अंशी पतीच्या निवडीवर अवलंबून राहिले.

कथानक

रामातुलाय फाल हिचा पती मोदू याचे कार्यालयात हृदयविकाराच्या झटक्याने निधन होते. मोदू हा वकील, पूर्वीचा कामगार नेता आणि नंतर सरकारी खात्यातील तांत्रिक सल्लागार होता. इस्लामी रिवाजानुसार विधवेने चार महिने दहा दिवस घरात राहून शोक पाळायचा असतो. या काळात रामातुलाय अमेरिकेतील सेनेगलच्या वकिलातीत काम करणारी मैत्रीण आयसातू हिला वहीत पत्र लिहू लागते.

पत्राचा आरंभ अंत्यविधीच्या वर्णनाने होतो. सासरच्या स्त्रिया रामातुलाय आणि तरुण सवत बिनेतू यांना शेजारी बसवून दोघींशी समान व्यवहार करतात. तीस वर्षांचे सहजीवन आणि पाच वर्षांचा विवाह त्यांच्या लेखी सारखाच ठरतो. भेटीस येणाऱ्यांकडून पाकिटांतून पैसे जमा होतात, त्यांची मोजदाद होते, आणि शोकविधीला हळूहळू उत्सवी व्यवहाराचे रूप येते. लेखिकेने हे सारे फारशा टीकाटिप्पणीविना नोंदविले आहे.

यानंतर कथन भूतकाळाकडे वळते. बिनेतू ही रामातुलायची थोरली मुलगी दाबा हिची शाळासोबतीण. अभ्यासासाठी ती घरी येत असे. एक वयस्क गृहस्थ आपल्याला भारी कपडे घेऊन देतो, असे ती दाबाला सांगत असे. तो गृहस्थ म्हणजे दाबाचा पिताच, हे दोघींपैकी कोणाला ठाऊक असते आणि कोणाला नसते, यातच त्या प्रसंगांचा दाह आहे. गरिबीला कंटाळलेली बिनेतूची आई लेकीला शाळेतून काढून या विवाहास भाग पाडते. रामातुलायला ही बातमी मोदूकडून कळत नाही. विवाहाच्याच दिवशी, रविवारी दुपारी, मोदूचा थोरला भाऊ तामसिर, मोदूचा मित्र डॉक्टर मावदो बा आणि इमाम असे तिघे घरी येऊन, आढेवेढे घेत, ही दैवाची इच्छा असल्याचे सांगतात. रामातुलाय हसतमुखाने त्यांचा पाहुणचार करते आणि ते गेल्यावर एकटी उरते.

घटस्फोट घ्यावा, असा दाबाचा आग्रह असतो. रामातुलाय मात्र राहण्याचे ठरविते. बारा मुले आणि पंचवीस वर्षे मागे असताना शून्यापासून आरंभ करणे तिला शक्य वाटत नाही, शिवाय तिचे मोदूवरील प्रेम ओसरलेले नाही. धर्माने सांगितल्याप्रमाणे पती दोन्ही घरी सारखे दिवस राहील, अशी तिची अपेक्षा असते. तीही फोल ठरते. मोदू त्या घरी परत येतच नाही. सवत स्वीकारायला तयार झालेली स्त्री प्रत्यक्षात परित्यक्ता होते, आणि हा दुसरा आघात पहिल्याहून खोल आहे.

दोन मैत्रिणी, दोन निर्णय

आयसातूची कथा यापूर्वीच घडून गेलेली असते. ती सोनार जातीतील. सेनेगलच्या श्रेणीबद्ध समाजात कारागीर जातींचे स्थान खालचे मानले जाते. तिचा पती मावदो याची आई नाबू आत्या ही सीन प्रदेशातील राजघराण्यातली. सोनाराच्या मुलीला सून मानणे तिला कधीच जमत नाही. ती भावाची लहान मुलगी घरी आणते, तिला वाढविते, सुईणीचे शिक्षण देते आणि अखेरीस मुलापुढे उभी करून तिच्याशी लग्न करण्याचा हट्ट धरते. आईचे मन मोडू नये म्हणून आपण होकार दिला, मन मात्र तुझेच आहे, असे मावदोचे समर्थन असते. शरीर आणि मन अशी ही वाटणी आयसातूला अमान्य आहे. ती एक पत्र ठेवून चार मुलांसह घर सोडते, फ्रान्समध्ये दुभाषाचे शिक्षण घेते आणि पुढे अमेरिकेत नोकरी पत्करते.

अशा रीतीने एकाच प्रकारच्या विश्वासघाताला दोन उत्तरे मिळतात. साध्या कादंबरीत यांतील एक बरोबर आणि दुसरे चूक ठरले असते. येथे निघून जाणारी यशस्वी होते हे खरे, पण राहणारीचे जीवनही थांबत नाही. वीज-पाण्याची देयके भरणे, बिघडलेल्या कुलपांची दुरुस्ती करून घेणे अशी आजवर मोदूकडे असलेली कामे रामातुलाय शिकते. एकटी चित्रपटगृहात जाऊ लागते, तेव्हा लोकांच्या रोखलेल्या नजरा तिला जाणवतात. मुलांसह बसच्या गर्दीत ताटकळणाऱ्या मैत्रिणीला आयसातू फियाट १२५ मोटार घेऊन देते. रामातुलाय मोटार चालविण्याची धास्ती बाळगते, शिकते आणि परवाना मिळविते. कादंबरीत स्त्री-मैत्रीला प्रेमाहूनही विश्वसनीय नाते म्हटले आहे. त्या म्हणण्याला बळ देणारा हा अत्यंत व्यवहारी पुरावा आहे.

याच्या उलट बाजूला आहे आयव्हरी कोस्टहून लग्न करून आलेली जॅकलिन. पतीच्या उघड बाहेरख्यालीपणाने ती खचते, आजारी पडते आणि शारीरिक कारण सापडत नसल्याने डॉक्टरांचे उंबरे झिजविते. नैराश्याचे निदान झाल्यावरच तिची सुटका होते. आपलीही अशी अवस्था झाली असती, ही जाणीव रामातुलायला आहे.

मिरास

मृताच्या संपत्तीची वाटणी करण्यापूर्वी त्याचे सर्व व्यवहार उघड करण्याच्या इस्लामी विधीला कादंबरीत ‘मिरास’ म्हटले आहे. मराठीतील मिरास, मिरासदार हे शब्दही वारसा या अर्थाच्या त्याच अरबी शब्दापासून आले आहेत. मोदूचे व्यवहार उघड होतात तेव्हा कळते, की बिनेतूसाठीचा बंगला त्याने रामातुलाय राहत असलेले घर गहाण ठेवून घेतला होता. हे घर दोघांच्या बचतीतून उभे राहिलेले, कागदोपत्री मात्र मोदूच्या एकट्याच्या नावावर होते. बिनेतूला शाळा सोडल्याच्या बदल्यात तो वेतनासारखे दरमहा पन्नास हजार फ्रँक देत असे आणि सासूला त्याने मक्केची यात्रा घडविली होती.

मिरास हा कादंबरीचा कणाही आहे. जे मोदूच्या संपत्तीबाबत होते, तेच रामातुलाय आपल्या पत्रात त्याच्या जीवनाबाबत करते. एक धार्मिक विधी एका स्त्रीच्या हाती साक्ष नोंदविण्याचे साधन बनतो. म्हणूनच कादंबरीला धर्मविरोधी ठरविणे कठीण आहे. नायिका श्रद्धाळू असून शोकाचे सर्व नियम पाळते. तिचा आक्षेप आहे तो धर्माच्या आधाराने पुरुषांनी केलेल्या सोयीच्या अर्थांवर.

नकार

चाळिसाव्या दिवसानंतर तामसिर, इमाम आणि मावदो हेच तिघे पुन्हा येतात आणि तामसिर मृत भावाच्या पत्नीशी विवाह करण्याचा मनोदय जाहीर करतो. तिचे मत कोणी विचारत नाही. अनेक वर्षे मौन पाळलेली रामातुलाय या वेळी स्पष्ट शब्दांत बोलते आणि त्याला घालवून देते. पूर्वीच्या दुपारी केलेल्या पाहुणचाराची ही परतफेड वाचकाला विसरता येत नाही.

दुसरे स्थळ नाकारणे अधिक अवघड होते. दाऊदा दियेंग हा तिचा तरुणपणीचा इच्छुक, आता डॉक्टर आणि संसद सदस्य, सज्जन आणि स्त्रियांच्या हक्कांचा पुरस्कर्ता. शंभर सदस्यांत चारच स्त्रिया का, असा प्रश्न ती त्याला विचारते तो संवाद कादंबरीतील राजकीय चर्चेचा गाभा आहे. त्याच्याशी विवाह केल्यास आर्थिक चिंता मिटली असती. पण त्याला पत्नी आणि मुले आहेत. जो घाव आपण सोसला तो दुसऱ्या स्त्रीला देणे तिला मान्य नाही, आणि आदर म्हणजे प्रेम नव्हे हेही ती जाणते. नकार कळविणारे पत्र ती शेजारीण फारमाता हिच्या हाती देते. फारमाता ही ग्रियो, म्हणजे घराण्यांचे इतिहास आणि स्तुतिगीते सांगणाऱ्या जातीतील स्त्री. चांगले स्थळ घालविल्याबद्दल ती रामातुलायला खडसावते.

उत्तरार्धात मुलांचे प्रश्न पुढे येतात. तीन मुली धूम्रपान करताना सापडतात. आयसातूचेच नाव असलेली मुलगी विवाहाविना गरोदर राहते. आकांताची अपेक्षा करणाऱ्या फारमाताला धक्का देत रामातुलाय मुलीला जवळ घेते. दाबाचा पती घरकामात बरोबरीने भाग घेतो, हे ती काहीशा आश्चर्याने पाहते. शेवटी आयसातू दुसऱ्या दिवशी डाकारला येणार असल्याचे कळते. पत्र पाठविण्याची आता गरजच उरत नाही.

समीक्षा

नायजेरियन समीक्षक अबिओला इरेले यांनी आफ्रिकी कथासाहित्यातील स्त्रीजीवनाचे अत्यंत उत्कट चित्रण म्हणून या कादंबरीचा गौरव केला. फेमी ओजो-आदे यांनी मात्र तिच्यातील स्त्रीवाद पाश्चात्त्य शिक्षणातून आलेला असल्याचा आणि नायिका अखेर बळीच राहत असल्याचा आक्षेप घेतला. या आक्षेपाला काहीसा आधार आहे. रुफिस्कच्या विद्यालयाविषयी आणि तेथील फ्रेंच मुख्याध्यापिकेविषयी नायिकेला वाटणारी कृतज्ञता वासाहतिक शिक्षणाची चिकित्सा फारशी होऊ देत नाही. बिनेतूच्या आईचे चित्रण जवळजवळ व्यंगचित्र झाले आहे. गरिबीने तिच्यापुढे कोणते पर्याय ठेवले होते, याचा विचार सुस्थित नायिका ओझरताच करते. बिनेतू स्वतः बळी गेली, हे मात्र ती मान्य करते. नायिका केवळ बळी राहते, हे म्हणणे तामसिर आणि दाऊदा यांना दिलेल्या नकारांपुढे टिकत नाही.

प्रकाशन आणि प्रभाव

नोमा पुरस्कार १९८० च्या फ्रँकफर्ट पुस्तकमेळ्यात प्रदान करण्यात आला. मोदुपे बोदे-थॉमस यांचा इंग्रजी अनुवाद १९८१ मध्ये हाइनमान प्रकाशनाच्या आफ्रिकी लेखक मालेत आला आणि अनेक देशांतील विद्यापीठांत अभ्यासक्रमासाठी लागला. त्याच वर्षी मारियामा बा यांचे निधन झाले. आंतरवंशीय विवाहावरील त्यांची दुसरी कादंबरी ‘अं शां एकार्लात’ मरणोत्तर प्रसिद्ध झाली. २००२ मध्ये जाहीर झालेल्या विसाव्या शतकातील शंभर सर्वोत्तम आफ्रिकी पुस्तकांच्या यादीत ‘यून सी लाँग लेत्र’ पहिल्या बारांत होती. डाकारसमोरील गोरे बेटावरील मुलींच्या निवासी शाळेला लेखिकेचे नाव दिलेले आहे. कादंबरीचे अनेक भाषांत अनुवाद झाले असून त्यांत सेनेगलमधील बहुसंख्यांच्या बोलण्यातील वोलोफ भाषेचाही समावेश आहे. मूळ फ्रेंच कादंबरी फारमातासारख्या स्त्रियांना वाचता येण्यासारखी नव्हती.