चाकाची धाव

वसई तालुक्यातील सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी अशोकाच्या आज्ञालेखाचा भग्न तुकडा शोधून त्यावरील अक्षरे लावली. त्याच्या पूर्वेस, रेल्वेमार्गापलीकडे, तुळिंज आहे. तेथील मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास आज निराळाच लेख वाचावा लागतो. तो रबरी टायरावरचा. स्वस्त टायर कोणता, हा प्रश्न दिसावयास क्षुद्र खरा. तथापि त्यामागील इतिहास ठाऊक नसला, तर स्वस्त आणि हलके यांतील भेद कळत नाही.

आमच्या बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव असे. ती टिके, पण धक्का शोषीत नसे. रबर धक्का शोषी. परंतु ते उन्हाने पाघळे व थंडीने तडके. गंधकासह तापविल्यास ते टिकाऊ होते, हे १८३९ साली चार्ल्स गुडइयर यास आढळले. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट टॉमसन याने १८४५ साली घेतले. पण ते विस्मृतीत गेले आणि १८८८ साली बेलफास्टचा पशुवैद्य डनलॉप याने तीच कल्पना नव्याने शोधली. मौज अशी की, गुडइयर हे नाव धारण करणारी कंपनी १८९८ साली निघाली, तेव्हा तो शोधक वारून अडतीस वर्षे लोटली होती. नाव म्हणजे गुण नव्हे, हा येथील पहिला धडा.

हिंदुस्थानात डनलॉपचा कारखाना १९३६ साली हुगळीकाठी साहागंज येथे निघाला. मुंबईत शिवडीस फायरस्टोनचा झाला. १९४२ साली मलाया जपानच्या हाती गेला आणि रबराचा दुष्काळ पडला. तेव्हा त्रावणकोरच्या मळ्यांचे मोल सर्वांस कळले. पुढे मूळच्या तुरिनच्या सिएटची भारतीय कंपनी १९५८ साली मुंबईत स्थापन होऊन भांडुपास तिचे टायर बनू लागले, आणि १९४६ साली मद्रासेत खेळण्यांतले फुगे करणारी एमआरएफही या धंद्यात उतरली.

याच १९४६ साली फ्रान्समध्ये मिशेलिनने रेडियल टायराचे पेटंट घेतले. जुन्या टायरात दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांस छेदून बसविलेले असत; रेडियलमध्ये ते धावेच्या दिशेशी काटकोनात असून वर पोलादी पट्टा असतो. म्हणून तो कमी तापतो आणि अधिक मैल चालतो. खरेदीस महाग, वापरास स्वस्त, असा हा प्रकार.

अनेक नावे असली म्हणजे चढाओढीने भाव उतरतोच, असेही नाही. संगनमताने किंमती ठरविल्याचा ठपका ठेवून स्पर्धा आयोगाने २०१८ साली पाच मोठ्या कंपन्यांस सुमारे १,७८८ कोटी रुपये दंड सांगितला. २०२२ साली अपील न्यायाधिकरणाने ते प्रकरण फेरविचारार्थ परत धाडले. निर्णय काहीही होवो, ग्राहकाने सर्वस्वी बाजारावर विसंबू नये, इतके खास.

त्याचा आधार टायराच्या अंगावरच कोरलेला असतो. '१८५/६५ आर १५' यात रुंदी मिलिमीटरांत, उंची रुंदीच्या शेकड्यांत, 'आर' म्हणजे रेडियल, आणि शेवटी रिमचा व्यास इंचांत असतो. '३२२४' म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला, तरी त्याचे रबर म्हातारेच. तेव्हा किंमतीस अपेक्षित मैलांनी भागावे, तारीख पाहावी, आणि मगच कंपनीचे नाव विचारावे. अशोकाचा शिलालेख एकवीस शतकांनी वाचला, तरी चालले. हा लेख पैसे मोजण्यापूर्वीच वाचला पाहिजे.